टँकर आल्यानंतर

टँकर आला पाचव्या दिवशी, दुपारी दोनला.
उमदीच्या पुढं, जिथं दुकानांच्या पाट्या अर्ध्या कन्नडमध्ये आहेत,
तिथं निलव्वाच्या दावणीची पाडी,
तीन महिन्यांची, खिलार, कानांच्या आतून गुलाबी,
घमेलं संपवून बादलीत तोंड घालून राहिली.
कुणी हटकलं नाही.
पाणी पिणाऱ्या जनावराला हटकू नये,
माझी आईही हेच म्हणायची.

तासाभरानं फोन:
"डाक्टरीनबाई, पाडी रगत मुतालीय वो."

मी पोचले तेव्हा ती पाय फाकवून उभी,
नजर वाट चुकल्यासारखी,
जमिनीवर जांभळट डाग, त्यावर माश्या.
जावेनं लिंबू उतरून टाकलं होतं आधीच.
घोणस असंल, दीर मलकारी म्हणाले.
मी लोणच्याची रिकामी बरणी मागितली,
नमुना धरला, ओट्यावर ठेवला
आणि म्हटलं, थांबा.

रक्त असतं तर तळाला बसलं असतं.
हे बसलं नाही.
अर्ध्या तासानंतरही वरून खालपर्यंत एकच रंग,
जास्वंदीच्या काढ्यासारखा, नितळ.
म्हणजे पेशी त्यात नव्हत्याच.
त्या आतच फुटल्या होत्या,
नुसता त्यांचा रंग वाहून आला होता.

शाळेत करोले सरांनी
तासगावचे बेदाणे पाण्यात टाकायला लावले होते.
रात्रीत फुगले, सुरकुत्या गेल्या,
आपण द्राक्ष होतो हे त्यांना आठवलं.
वहीत लिहिलं: परासरण. दोन गुण.
बेदाण्याला साल असते हे वहीत नव्हतं.
रक्तातल्या पेशीला साल म्हणावं असं काही नाही,
आहे तो एक पापुद्रा,
पाण्याला वाट देणारा, मिठाला अडवणारा.
बाहेरचं रक्त पातळ झालं
की पाणी आत शिरतं, जिकडं मीठ जास्त तिकडं.
त्यात पाण्याचा काही राग नसतो.
मधे चेपलेली चकती चेंडू होते,
आणि पाणी थांबत नाही.

निलव्वाला एवढंच म्हटलं, पाणी जास्त झालं.
ती माझ्याकडं बघत राहिली.
या गावात हे वाक्य
तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मानेवरचे केस भादरले, शीर धरली,
कडक खारं पाणी सोडलं.
"तहानलेल्याला मीठ?" मलकारी उठूनच गेले.
निलव्वाचं लक्ष बरणीवर.
"कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतंय, तसं काय?"
तसंच.
"मग डोस्क्यातबी पाणी शिरलं असंल तिच्या.
म्हणून अशी बघतीय."
पाच वर्षांच्या कॉलेजात
हे मला एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रभर पाणी द्यायचं नाही, असं ठरलं.
बादलीवर पाटी झाकून निलव्वा स्वतःच पाटीवर बसली,
कुणाला माया सुटू नये म्हणून.
पाडी कोरडं घमेलं चाटायची.
पत्र्यावर जिभेचा तो आवाज
मला गाडीत बसूनही ऐकू येत होता.
मग घमेलं सोडून तिनं निलव्वाचं कोपर धरलं,
दिवसभराचा वाळलेला घाम
हळूहळू, सगळा, चाटून घेतला.
निलव्वानं हात हलवला नाही.
मलाही वाटलं, हे औषधात धरावं.

दहाला लघवी चहाच्या रंगाची.
पहाटे नुसती पिवळी.
मी म्हटलं, आता एक फुलपात्र, चिमूटभर मीठ टाकून.
निलव्वा उठली, गुडघे धरत,
आधी मला तांब्या दिला.
मी घोट-घोट प्यायले. तीही बघत होती, किती पिते.

बरणी धुऊन उन्हात पालथी घातलेली.
"लोणच्याला न्हाई आता ही," म्हणाली,
पण फेकलीही नाही.